पाण्यात उतरणारे बोल्ट

गॅरेजच्या आठवणी लिहून द्या, असं या अंकाचे संपादक मला बरीच वर्षं सांगत आहेत. दर वेळी मी काहीतरी कारण काढलं. कधी डोळ्याचं ऑपरेशन, कधी सुनेची बदली. एकदा तर सरळ सांगून टाकलं की गाड्या दुरुस्त करणाऱ्याच्या आठवणींत ग्रीसशिवाय काय सापडणार! खरं कारण वेगळं होतं. गॅरेजबद्दल लिहायचं तर किसन जाधवबद्दल लिहावं लागणार, आणि किसनबद्दल खरं लिहायचं तर मिलच्या झांकीची जी गोष्ट इंदूरला आमच्या भागात सगळे हसत हसत सांगतात, ती उलटी करून सांगावी लागणार. ते मी टाळत आलो. यंदा उन्हाळ्यात किसनच्या मुलीचा, उषाचा फोन आला आणि माझी कारणं संपली.

तिने विचारलं होतं, "काका, जनरेटरचं हेड बसवतोय. बोल्टांना काय लावायचं?"

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांना हा प्रश्न काही मोठा वाटणार नाही. म्हणून आधी तो नीट सांगतो.

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक आणि त्यावरचं जड झाकण म्हणजे हेड. दोघांच्या मधे एक पातळ पत्रा असतो, गॅस्केट. त्या पत्र्याच्या एका अंगाला आग, दुसऱ्या अंगाला पाणी, तिसरीकडे तेल. तिघांनी एकमेकांच्या घरात जायचं नाही, हे बघायचं काम हेडच्या बोल्टांचं. आपण म्हणतो, बोल्ट घट्ट कसला; खरं म्हणजे आपण तो ताणतो. जाड पोलाद असलं तरी ते केसभर ताणलं जातं आणि परत आखडायला बघतं. त्या आखडण्यानेच हेड दाबून राहतं.

आता गंमत अशी की पान्यावर आपण जो जोर लावतो त्यातला बराचसा आट्यांच्या घासण्यातच जातो. आटे कोरडे असले, गंजलेले असले, तर जोर मोजणाऱ्या पान्याचा काटा सांगतो 'झालं', आणि बोल्ट अजून आळसात असतो. म्हणून आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली तेलाचं बोट फिरवायचं. पण फार निसरडं काही लावलं, तर त्याच काट्यावर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणला जातो. काटा दोन्ही वेळा तोच आकडा दाखवतो. म्हणजे काय लावलंय ते माहीत नसेल, तर काट्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

शिवाय बोल्टची भोकं दोन तऱ्हेची. काही खाली बंद असतात, विहिरीसारखी. त्यांच्यात तेल भरलं तर ते जाणार कुठे? आमच्याकडे एक दूधवाले यायचे, देपालपूर रस्त्याचे. त्यांना प्रत्येक गोष्टीत सढळपणा आवडायचा. त्यांनी घरीच हेड बसवलं आणि भोकात तेल ओतलं, अगदी काठोकाठ. बोल्ट खाली उतरला, तेलाला वाट मिळेना, ब्लॉक तडकला. मला म्हणाले, "भिया, कमी तेल से तो इंजन खराब होता है, ज्यादा से कैसे हुआ?" मी त्यांना चहा पाजला. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

उलट महूचे एक निवृत्त सुभेदार होते, त्यांची जुनी जीप मी सांभाळायचो. ते स्टूल टाकून बसायचे आणि पांढऱ्या चादरीवर बोल्ट ओळीने मांडून घ्यायचे. भोकं कापडाने पुसून कोरडी झाली की नाही हे स्वतः बोट घालून बघायचे. मग म्हणायचे, "वसंतराव, आता लावा. बोटभर नाही, बोटावर." त्यांचा मला तेव्हा वैताग यायचा. आज वाटतं, माझ्या आयुष्यात असा एक सुभेदार रोज स्टुलावर बसलेला असायला हवा होता.

दुसऱ्या तऱ्हेची भोकं खाली उघडी असतात आणि थेट पाण्यात उतरतात, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात. त्या बोल्टांना नुसतं तेल चालत नाही. पाणी आट्याआट्याने जिना चढल्यासारखं वर येतं. तिथे आटे बुजवणारं काहीतरी लागतं. आज त्यासाठी सीलंटच्या ट्यूब मिळतात. आमच्या वेळी सफेदा होता: डब्यातला पांढरा, घट्ट, जवसाच्या तेलात कालवलेला लेप. नळ जोडणारे तो वापरायचे.

आणि सफेद्यावर किसनचा हात जसा होता, तसा मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही.

किसन मिलमधला वाफेच्या नळांचा फिटर. मिलमधली वाफ म्हणजे हातावर आली तर कातडी घेऊन जाणारी. किसनने जोडलेला सांधा गळत नाही, अशी ख्याती होती. तो आट्यांवर सुताचे पदर गुंडाळायचा, मिलचंच सूत, आणि वरून सफेदा असा फिरवायचा, बाई भाकरीवर पाण्याचा हात फिरवते तसा. माझं गॅरेज जुनी इंदूर या भागात. आमचे पूर्वज संस्थानच्या पागेत होते; मी गाड्यांपाशी आलो, एवढाच फरक. किसनचं घर दोन गल्ल्या सोडून. पाळी सुटली की तो माझ्याकडे येऊन बसायचा आणि हळूहळू पाने हातात घ्यायला लागला होता.

मग मिल बंद पडली. एकेक करून सगळ्याच पडत होत्या. भोंगा वाजेनासा झाला तेव्हा पहिले काही महिने आमच्या भागातल्या बायकांना स्वयंपाकाला कधी लागायचं ते कळेना. त्याच वर्षांत बाजारात परदेशी माल येऊ लागला. चकचकीत डबे, रंगीत ट्यूब, टाय लावलेले विक्रेते. एकीकडे माणसं रिकामी होत होती आणि दुसरीकडे दुकानं भरत होती. मी मधे उभा होतो आणि मला वाटत होतं, आपण भरणाऱ्या बाजूला राहायचं.

आमचं ठरलं होतं की किसनने माझ्या गॅरेजात भागीदार व्हायचं. लिहापढी वगैरे आमच्यात नव्हती. दसऱ्याला माझ्या पान्यांची पूजा असते, त्यात त्याने आपली हत्यारं आणून माझ्या हत्यारांशेजारी मांडायची. तेवढ्याने झालं. दसरा जवळ आला होता. त्याआधी अनंत चतुर्दशी.

इंदूरबाहेरच्यांना सांगायला हवं की इथे अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघतात: चाकांवरचे मोठे देखावे, दिव्यांनी लखलखणारे, हलत्या मूर्तींचे. मिल चालू होत्या तेव्हा खर्च मालक करायचे. मिल बंद झाली त्या वर्षी कामगारांनी ठरवलं की झांकी निघणारच. घरोघर फिरून वर्गणी काढली. आपण अजून आहोत, हे शहराला दाखवायचं होतं. देखावा गजेंद्रमोक्षाचा. हत्ती पाण्यात, पाय मगरीच्या जबड्यात, सोंडेत कमळ. सोंड वरखाली करणारी यंत्रणा किसनने मिलच्या भंगारातले पट्टे आणि पुल्या जोडून केली होती.

विजेसाठी एक जुना डिझेल जनरेटर मिळाला. त्याचं हेड गळत होतं. समितीचे प्रमुख चौबेजी, मिलमधले जुने जॉबर, म्हणजे मुकादम, माझ्याकडे आले. "वसंत भिया, इज्जत का सवाल है. मिल तो गई, नाक तो बचा लो."

हेड मी आणि किसनने मिळून बसवलं. एका बाजूचे बोल्ट पाण्यात उतरणारे होते. ते किसनने घेतले. म्हणाला, "हे माझ्या बिरादरीतले. यांना सफेदा." दुसऱ्या बाजूचे कोरड्या, बंद भोकांतले. ते मी घेतले. आणि तिथे मी शहाणपणा केला.

त्याच आठवड्यात एका विक्रेत्याने मला नवीन ग्रीसची ट्यूब दिली होती. काळं, रेशमासारखं मऊ, दोन बोटांत घेतलं तर बोटं एकमेकांवरून निसटायची. मला त्याची एजन्सी घ्यायची होती. विक्रेता जाताना म्हणाला होता, "काकाजी, इसके साथ टॉर्क जरा कम रखना." टॉर्क म्हणजे कसण्याचा जोर; तो कम म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. टाय लावलेल्या पोराला मी काय विचारणार! मी माझ्या बाजूच्या बोल्टांना ते काळं ग्रीस फासलं आणि काटा नेहमीच्याच आकड्यापर्यंत नेला. शेवटचे दोन बोल्ट कसताना हाताला काहीतरी वेगळं लागलं होतं. पाना फिरत होता, पण जोर वाढत नव्हता. लोण्यात फिरवल्यासारखा. ज्याने आयुष्यभर बोल्ट कसले त्याला हे कळतं. बोल्ट ताणण्याच्या पलीकडे गेला, आता तो परत आखडणार नाही. मला कळलं होतं. पण बाहेर चौबेजी उभे होते, ट्रॅक्टर उभा होता, ढोल वाजत होते. मी पाना खाली ठेवला आणि म्हणालो, "हो गया."

दिवेलागणीला झांकी निघाली. पुढे आखाडे, मागे आम्ही. दोन चौक गेलो असू तेवढ्यात जनरेटरने पांढरी वाफ सोडली, खोकला आणि बंद पडला. दिवे गेले. हत्ती काळोखात थिजून उभा राहिला.

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "लो, मिल के साथ हाथी भी बंद!" लोक हसले.

पुढे जे झालं ते मात्र सगळ्यांनी पाहिलं आहे आणि ते खरंच सांगितलं जातं. किसन झांकीच्या फळ्यांखाली शिरला. मोटरचा पट्टा काढला, पुलीला एक लोखंडी दांडा अडकवला आणि हाताने फिरवू लागला. एका बँडवाल्याने आपल्या गॅसबत्त्या दिल्या. सोंड हलली. मोटरवर ती एका ठेक्यात वरखाली व्हायची. आता कधी सावकाश उचलली जायची, मधेच थांबायची, थरथरायची, पुन्हा वर यायची. मगरीने धरलेला हत्ती अगदी असाच करेल. हसणारे माना उंच करून बघू लागले. मग टाळ्या सुरू झाल्या. खाली माणसं पाळी लावून दांडा फिरवत होती, मिलमधे लावायचे तशी पाळी, आणि आपली पाळी आली की ज्यांना कित्येक महिन्यांत काम नव्हतं ती माणसं बाह्या सारून आत शिरत होती. कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत झांकी अशीच गेली. इतकी शिस्तीची पाळी मिल चालू असतानाही लागली नव्हती, असं चौबेजी नंतर म्हणायचे.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी ती दर वर्षी लिहिली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जनरेटर माझ्या गॅरेजात आणला. चौबेजी आणि समितीची माणसं सभोवती उभी. मी हेड उघडलं. माझ्या बाजूचा एक बोल्ट हातात आला आणि मी तो बघत राहिलो. मधोमध तो बारीक झाला होता. कंबर दाबल्यासारखा. ताण सहन न होऊन पोलाद खेचलं गेलं होतं. त्या बाजूची पकड सुटली होती आणि गॅस्केट तिथेच फाटलं होतं. किसनच्या बाजूला एक थेंब झिरपला नव्हता.

पण कंबर बारीक झालेली दिसायला बघणारा कारागीर लागतो. पांढरा रंग सगळ्यांना दिसतो. चौबेजींनी किसनच्या बाजूचा बोल्ट उचलला. "ये क्या पोता है? चूना?"

"सफेदा," किसन म्हणाला.

"इंजन में सफेदा! अबे, नल समझा है क्या? टोंटी भी लगा देता!"

सगळे हसले. वाईट मनाने नाही. रात्री झांकी निघाली होती, सगळे खुशीत होते. किसनही कसनुसा हसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. इंजिनातलं मला जास्त कळतं, असं तो धरून चालला होता. त्याच्या बघण्यात एवढंच होतं: वसंतभाऊ, माझ्याने झालं का हे?

माझ्या हातात तो बोल्ट होता. मी तो चिंधीत गुंडाळून खिशात घातला आणि म्हणालो, "होतं कधीकधी."

एवढंच. मी त्याच्यावर आरोप केला नाही, खोटं असं एक वाक्य बोललो नाही. 'होतं कधीकधी' या दोन शब्दांत मी माझं गॅरेज, माझी एजन्सी, माझं नाव वाचवलं आणि ज्या माणसाकडे मिल गेल्यावर नावाशिवाय काही उरलं नव्हतं, त्याचं ते नाव चौबेजींच्या विनोदाला दिलं. 'किसन का सफेदा' हा आमच्या भागात शब्दच झाला. कुठे काही बिघडलं की लोक म्हणत, किसनने सफेदा लावला असेल.

दसऱ्याला तो आला. पिशवी खांद्याला होती, पान्यांची टोकं बाहेर दिसत होती. त्याने माझ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, मला आपट्याची पानं दिली. पिशवी खाली ठेवली नाही.

"किसन, मांड की," मी म्हणालो.

"नको, वसंतभाऊ. मी नळाचाच माणूस. तुमचं एखादं इंजिन अजून बंद पडेल माझ्या पायी." आणि हसून निघून गेला.

त्याचं वाईट झालं नाही, हे मी मुद्दाम सांगतो, स्वतःच्या समाधानासाठी नाही तर त्याच्या मानासाठी. भंवरकुआं भागात कोचिंग क्लासवाले आले, होस्टेलं उभी राहू लागली आणि एवढ्या मजल्यांवर पाणी चढवायला न गळणारे सांधे हवे होते. किसनने आधी एकट्याने, मग माणसं हाताशी धरून कामं घेतली. मुलीला, उषाला, पॉलिटेक्निकमधे घातलं. लोकांनी नाकं मुरडली तर म्हणायचा, "पाण्याला काय कळतंय, जोडणारी बाई आहे का बुवा?"

एकदा मी अशाच एका होस्टेलच्या गच्चीवर पंप बघायला गेलो होतो. किसन तिथे त्याच्या माणसांना सांगत होता, "सफेदा नळाला. इंजिनाला चुकूनसुद्धा नाही. मी एकदा शहाणपणा केला होता, पूरी झांकी बंद पाडली. विचारा यांना, हे होते तिथे." आणि माझ्याकडे बोट दाखवून मोकळेपणी हसला. आपली चूक माणसांना उघड सांगतो, याचा त्याला अभिमान होता. आणि ती चूक त्याची नव्हतीच. मी मान हलवली. आजवर मी केलेल्या सगळ्या कामांत ती मान हलवणं सगळ्यात वाईट.

त्यानंतर मी त्याच्या घरी किती वेळा गेलो असेन. चिंधीतला बोल्ट खिशात असायचा. तो पोहे मागवायचा, शेव जास्त घालायला सांगायचा, आणि जुन्या मिलचं बोलणं निघायचं. शेवटच्या आजारपणात गेलो तेव्हा मी सुरुवात केली होती. "किसन, त्या जनरेटरचं..." म्हटलं. त्याचे डोळे लकाकले. "वसंतभाऊ, सोंड काय हलली होती त्या दिवशी! मोटरवर कधी हलली असती तशी?" मग तो हाताने हवेत दांडा फिरवून दाखवू लागला आणि दम लागेपर्यंत फिरवत राहिला. मी त्याचा हात धरून खाली ठेवला. बोल्ट खिशातच राहिला. पुढच्या आठवड्यात तो गेला.

आणि यंदा उषाचा फोन. आता ती होस्टेलांचे नळ, पंप, जनरेटर सगळ्याची कामं घेते. म्हणाली, "काका, काही बोल्ट पाण्यात जातायत. माझ्या मते सीलंट लावायला पाहिजे. पण बाबा म्हणायचे, इंजिनाला असलं काही लावायचं नाही. कन्फ्यूज झालेय."

बाप मुलीला चुकीचा धडा देऊन गेला होता, आणि तो धडा माझा होता.

मी म्हटलं, "थांब. हात लावू नकोस. मी येतो."

गेलो. आधी काम केलं. बंद भोकं कोरडी करून घेतली, त्या बोल्टांना बोटावर तेल. पाण्यात उतरणाऱ्यांना सीलंट. तिने ते आट्यांवर फिरवलं आणि मला हसू आलं. तोच भाकरीवरचा हात. इंजिन चालू झालं, तापलं, एक थेंब नाही. मग मी चिंधी सोडली आणि बोल्ट तिच्या हातात दिला.

तिने तो उजेडात धरला. अंगठ्याने कमरेवरून फिरवला. तिला सांगावं लागलं नाही. "हा तर ओव्हरटाइट झालाय, काका. कुणी केला?"

मी सगळं सांगितलं. ती बोल्ट हातात फिरवत राहिली. जनरेटर चालू होता, तेवढं बरं होतं.

"म्हणजे बाबा बरोबर होते," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि आमच्या घरात इतकी वर्षं सगळे उलटंच शिकले." ती हसली नाही. मग म्हणाली, "बाबांना सांगितलं होतं तुम्ही?"

"नाही."

"सांगायला पाहिजे होतं, काका." एवढं बोलून तिने बोल्ट आपल्या हत्यारांच्या पेटीत टाकला. "हा मी ठेवते. माझ्या माणसांना दाखवीन."

मला वाटलं, आता ही आपल्या दारात पाऊल ठेवणार नाही. पण या दसऱ्याला सकाळी ती आली. गॅरेज आता माझा मुलगा बघतो. मी फक्त पूजेपुरता खाली उतरतो. तिने पिशवीतून किसनचा पाइप पाना काढला, जबड्यात अजून वाळलेला सफेदा असलेला, आणि माझ्या पान्यांशेजारी मांडला. म्हणाली, "जागा रिकामी होती ना ही?"

होती. मी कधी दुसरं काही तिथे ठेवलं नव्हतं.

तिला सांगायचं ते मी तिला सांगितलं. समितीतले जे उरलेत ते हे वाचतील, आणि मला आशा आहे की यापुढे 'किसन का सफेदा' म्हणताना ते न गळणाऱ्या गोष्टीबद्दल म्हणतील. राहिलं ते एकाच माणसाला सांगायचं होतं. त्याच्या घरच्या खुर्चीत बसून, पोह्यांची बशी हातात धरून, मी ते कितीदा मनात जुळवलं होतं. लांब नाही.

किसन, तुझ्या बाजूला एक थेंब गळला नव्हता. बोल्ट माझा होता. माझं चुकलं रे, मला माफ कर.